घाडीच्या नावाचा आवाज

या पानावरचे अनुभव मी आजवर वाचत आलो ते हसण्यासाठी. राग मानू नका, पण खरं तेच सांगतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या मागे घाटात पावलं वाजली... मी वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, "अगं, या माणसाचं पित्त तपासायला हवं." भूत, नवस, कुंडली, अंगात येणं यातलं मी कधीच काही मानलं नाही. आज पंचाहत्तरी उलटली आणि अजूनही मानत नाही. तरी लिहायला बसलोय. चार वेळा उठलो, गॅलरीत जाऊन आलो, परत बसलो. माझ्याजवळची गोष्ट सांगायची तर त्याआधी दुसरी एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती मी नऊ वर्षं कुणाजवळ बोललेलो नव्हतो.

ती आधी लिहून टाकतो. नाहीतर लिहितालिहिता पाय मागे घेईन... मला माझी सवय माहीत आहे.

शांताराम गोविंद घाडी खबरी नव्हता. खबरी मी होतो.

आता क्रमाने सांगतो.

माझं आडनाव दामले. राहतो मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. एका खाजगी कंपनीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि मग वेळ जावा म्हणून एका ओळखीच्या एजंटच्या ऑफिसात बसू लागलो. तिथे जागांच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सह्या करायचो. पुढे ते प्रकरण पोलिसांत गेलं. घरी मी सांगितलं, मला फसवलं. कुणी फसवलं नव्हतं. कागद खोटे आहेत हे सही करताना मला ठाऊक होतं. अकरा महिने मी कच्चा कैदी म्हणून आत होतो. कुठल्या जेलमध्ये ते लिहीत नाही. तिथल्या कुणावर माझा राग नाही. बायकोने सोसायटीत सांगितलं होतं, हे भाच्याकडे इंदूरला गेलेत. सुटून आलो तर शेजारचे म्हणाले, "काय काका, इंदूरचं पाणी मानवलं नाही वाटतं! केवढे वाळलात." मी म्हटलं, "हो ना. तिखट फार."

आत गेल्यावर पहिल्या दिवशी घाटकोपरचा राजू नावाचा एकजण मला म्हणाला, "काका, कशात आलात?"

"सही केली खोटी."

"फक्त सही?" तो मागे वळून ओरडला, "ए, काका ऑटोग्राफ देऊन आलेत!" सगळी बरॅक हसली. मीही हसलो. आत पहिल्या दिवशी हसलेलं बरं असतं.

बरॅक म्हणजे एक लांबच लांब खोली. जितक्या माणसांसाठी बांधली त्याच्या तिप्पट माणसं. एका टोकाला लोखंडी दार, दुसऱ्या टोकाला संडास. नवीन माणसाची जागा संडासाच्या भिंतीला, जुन्याची आणि वजनदाराची खिडकीखाली. माणूस बाहेर काय होता याला किंमत नाही. तो कुठल्या फरशीवर झोपतो यावर त्याची पत. मी पदवीधर, घरी तीन खोल्यांचा ब्लॉक, आणि दोन महिने मी ओल्या भिंतीला पाठ लावून एका कुशीवर पडायचो, कारण दुसऱ्या कुशीवर वळायला शेजाऱ्याची परवानगी लागायची. सहासष्टाव्या वर्षी माणसाला देव आठवावा, मला फक्त खिडकी आठवायची. दिवसभर मी त्या खिडकीखालच्या फरशीकडे बघत असे... जशी बाहेर माणसं दुसऱ्याच्या बंगल्याकडे बघतात.

लिहितावाचता येत होतं म्हणून मला बरॅकचा रायटर केलं. रायटर म्हणजे दारापाशी वही घेऊन बसायचं. कोण कोर्टात गेला, कोण दवाखान्यात, कोण मुलाकातीला, याची नोंद ठेवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहायचे.

आणि आवाज द्यायचा. हा 'आवाज' काय ते सांगायला हवं.

आत कुणाचं नातेवाईक भेटायला आलं की बाहेरच्या फाटकातून शिपाई नाव पुकारतो. खोली एवढी लांब आणि आत एवढा कालवा की ते नाव दारापाशीच विरतं. म्हणून दारापाशी बसलेला ते उचलतो आणि मागे ओरडतो, मधला कुणीतरी आणखी मागे, असं करत नाव त्या माणसापर्यंत जातं. तो उठून बापाचं नाव ओरडतो, म्हणजे योग्य माणूस उठला हे कळतं. "शांतारामऽऽ" "गोविंद!" असं. याला आवाज देणं म्हणतात. आत शिव्या चालतात, मारामाऱ्या चालतात, एकमेकांचा साबण चोरणं चालतं. पण दुश्मनाचासुद्धा आवाज कुणी अडवत नाही. मुलाकातीचा तर नाहीच. ज्यांना महिनोन्महिने कुणी भेटायला येत नसे तीही माणसं मुलाकातीच्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायची. मी बसायचो त्यांतच. माझा मुलगा अकरा महिन्यांत दोनदा आला.

शांताराम घाडी भांडुपचा. मूळ मालवणकडचा, तरुणपणी गिरणीत होता, नंतर एका बेकरीत भट्टीवर. चाळीत नळावर भांडण झालं, याने एकाला ढकललं, तो पायरीवर आपटला आणि गेला. घाडी कधी म्हणाला नाही की मी ढकललं नाही. "ढकललंय मी. मरूसाठी नाय ढकललंय," एवढंच म्हणायचा. मला तो 'रायटरानू' म्हणायचा. त्याला जवळचं दिसत नसे, आणि घरी राहिलेला चष्मा जुन्या नंबरचा होता. मुलीकडून नवा चष्मा मागवायची परवानगी मिळावी म्हणून त्याचा अर्ज मी लिहिला. माझ्याच हातांनी. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मला जेलच्या ऑफिसात काही कागद नीट लावायला बोलावलं होतं. तिथल्या एकाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "दामले, तुमच्या बरॅकमध्ये फोन आहे म्हणतात. वयस्कर माणूस तुम्ही... तिथे त्या ओलीत झोप लागते का?"

त्याने एवढंच विचारलं, धमकी दिली नाही की वचन दिलं नाही. मी सांगितलं, आंघोळीच्या हौदामागची तिसरी फरशी सैल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडती झाली. फोन सापडला. फोन राजूचा होता. त्याला वेगळ्या कोठडीत नेलं. दुपारी डॉक्टरच्या चिठ्ठीच्या नावाखाली माझी जागा खिडकीखाली गेली. कुणालाच शंका आली नाही. म्हातारा माणूस, खोकला, चिठ्ठी... आणि त्याच दुपारी घाडी फाटकाकडून आला तो हसत. डोळ्यांवर नवा चष्मा.

राजूच्या गटातल्या एकाने विचारलं, "काय घाडी, नवीन काच? कोणी दिली?"

"माझ्या चेडवान धाडल्यान." चेडू म्हणजे मुलगी.

"आजच?"

"आजच गावलो."

"झकास! इतके दिवस मिळत नव्हता, आज बरा मिळाला."

आतला एक नियम मी तोवर शिकलो होतो. आत ज्याला काही मिळतं, त्याने काहीतरी दिलेलं असतं. ही माणसं खुनाच्या पुराव्यावर तासन्तास वाद घालायची, वकिलांच्या चुका काढायची, पण या नियमापुढे त्यांना पुरावा लागत नसे. घाडीला चष्मा मिळाला, म्हणजे घाडीने फोन दिला.

मी दोन हात अंतरावर बसलो होतो. "अरे, अर्ज मी लिहिला होता, तीन आठवड्यांपूर्वी," हे एक वाक्य. तेवढं वाक्य पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता : मग कोणी सांगितलं? आणि सगळ्यांचे डोळे खिडकीकडे वळले असते. मी वहीत मान घातली.

घाडीला हंडीतून काढलं. हंडी म्हणजे पाच-सात जणांचा जेवणाचा गट. आपापल्या वाट्याची डाळ-भाजी एकत्र करायची, त्यात कुणाचं लोणचं, कुणाचं फरसाण, आणि गोल करून जेवायचं. आत तेच घर. हंडीतून काढलेला माणूस ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतो. त्याची जागा संडासाच्या भिंतीला गेली. म्हणजे माझ्या जुन्या जागेवर. दुसऱ्या दिवशी हौदावर चष्म्यावर कुणाचा तरी पाय पडला. घाडीने काचेचे तुकडे गोळा करून रुमालात बांधले.

आणि एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. मला त्याची दया यायला हवी होती ना? मला त्याचा राग यायला लागला. त्याचं खाली बघून जेवणं, त्याचं हळू चालणं, सगळ्याचा राग. ज्याच्या पाठीमागे आपण लपतो त्या माणसाचं तोंड आपल्याला बघवत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

पुढच्या मुलाकातीच्या दिवशी शिपायाने पुकारलं, "शांताराम घाडीऽऽ, मुलाकात!"

मी दारापाशीच होतो. मधल्या रांगेतल्या दोघा-तिघांनीही ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खबऱ्याला आवाज द्यायचा की नाही, हा प्रश्न त्या बरॅकमध्ये आधी कधी आलाच नसावा. मी आवाज दिला असता तर त्यांनी पुढे दिला असता, असं मला आजही वाटतं. मी वहीची पानं उलटली. नाव तिथेच पडलं. मला भीती होती की हा मुलीला सांगेल, मुलगी वकिलाला सांगेल, चौकशी होईल... आणि चष्म्याचा अर्ज कधीचा, हे निघेल.

दुपारी घाडी माझ्याजवळ आला. त्याच्याशी बोलायची बंदी होती, म्हणून दोन हात लांब उभा राहिला. "रायटरानू, माझ्या नावाचो आवाज इलो काय?"

"नाही रे."

"बरा," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या वेळेला तेच झालं. तोच प्रश्न, तेच उत्तर.

तिसऱ्या वेळेला शिपाई स्वतः दारापर्यंत आला. वैतागला होता. "तुमचा तो घाडी काय समजतो स्वतःला? पोरगी दोनदा परत गेली, आज बाहेर रडतेय. यायचं नसेल तर लिहून द्या, सही घ्या त्याची. तिला काय सांगायचं आम्ही?" आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

मी लिहिलं, "बंदी भेटण्यास तयार नाही." मग चिठ्ठी घेऊन आत दहा पावलं गेलो, खांबाआड उभा राहिलो आणि खाली सही केली... शां. गो. घाडी. खोट्या सहीसाठी आत आलेला माणूस मी, आत येऊनही तेच करत होतो. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला.

यापुढचं मी फार सावकाश लिहितोय, कारण सगळं यावरच आहे. त्यानंतर साधारण तासभर मी घाडीवरची नजर काढली नाही. काढू शकलो नाही. त्याला काही कळलं का, हे बघत होतो. तो संडासाच्या भिंतीपाशी उकिडवा बसून ताटली घासत होता. घासून झालेली ताटली परत घासत होता. मग भिंतीला टेकला. एकदाही उठला नाही. बरॅकला दार एकच आणि त्या दारात मी वही घेऊन बसलेलो. मुलाकातींची वेळ संपल्याचा टोल पडला तेव्हा तो तिथेच होता. माझ्या वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे बाहेर गेल्याची नोंद नाही. आठ दिवसांनी त्याच्या छातीत दुखलं, हॉस्पिटलला नेलं, तो परत आला नाही. हृदयविकार. ती नोंद मी केली.

मी सुटलो. पुढे खटला चालला आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरली गेली. घरी आलो, पण बसता येईना. अजूनही येत नाही. बँकेत, दवाखान्यात कुणाचंही नाव पुकारलं की मी उठून मागे बघतो, ज्याचं आहे तो उठला का... आणि तो उठेपर्यंत मी बसत नाही. एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात मी एका बाईंचं नाव एवढ्या मोठ्याने पुढे ओरडलो की नर्स म्हणाली, "आजोबा, माईक आहे आमच्याकडे!" बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ज्या एका माणसासमोर मला भलं दिसायचं होतं ते माणूस गेलं. मग ठरवलं, घाडीच्या मुलीला सांगायचं. तुझे वडील भेटायला तयार होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी.

पत्ता मला पाठ होता, अर्जावर मीच लिहिला होता. भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, शेअर रिक्षा जिथे सोडते तिथून वर पायऱ्या. दोनदा पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या खेपेला, मागच्या महिन्यातल्या एका रविवारी, बाराच्या सुमारास वर गेलो. दार उघडंच होतं. पंचेचाळिशीची बाई, हातात कोलीम ही बारकी मासळी धुतलेली चाळण. घरात तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

"वैशाली घाडी... आता नाव बदललं असेल. शांताराम घाडींची मुलगी?"

"हो. आपण?"

"मी दामले. मुलुंडहून आलो."

तिने चाळण खाली ठेवली. "दामले? रायटर?"

माझं नाव तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"अहो या ना आत! उभे काय? पंखा लावते थांबा. किती वर्षं म्हणतेय, एकदा मुलुंडला जाऊन शोधायला हवं. पण दामले मुलुंडला काय एक आहेत का!" तिने खुर्ची पुढे केली. "बाबा बोलले होते ना तुमच्याबद्दल."

"कधी?"

"शेवटच्या मुलाकातीला."

मला वाटलं, झडतीच्या आधीची, जुनी कुठलीतरी असेल. विचारलं. ती म्हणाली, "नाही हो, शेवटची. जायच्या आठ दिवस आधी. त्याआधी दोन वेळा गेले तर आलेच नाहीत. मी इतकी चिडले होते... तिसऱ्यांदा तर बाहेर बसून रडले. शिपाई आत गेला, परत आला, हातात चिठ्ठी होती. मला वाटलं, झालं, परत नकार. तो म्हणाला, जा, पाच नंबरच्या काचेवर. गेले तर बाबा बसलेले."

"बसलेले..."

"काचेपलीकडे, तिथला बोलायचा फोन कानाला लावून बसलेले. बारीक झाले होते. पण चष्मा लावला होता मी पाठवलेला, एकदम छान दिसत होता. म्हणाले, नंबर बरोबर हा गे. मी म्हटलं, दोनदा का नाही आलात? तर म्हणाले, आवाज पोचलो नाय. आज रायटरान आवाज दिल्यान, म्हणून इलंय."

तव्यावरचं जळायला लागलं होतं. ती उठून गॅस बंद करून आली. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो.

"अजून... अजून काय म्हणाले?"

ती हसली. "तुमचंच. म्हणाले, रायटराक खिडकीकडे जागा गावलीहा, पण बिचाऱ्याक झोप येणा नाय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतःचं सांगा की! तर फोन बंद झाला. वेळ संपली ना."

खिडकीखाली मला झोप येत नसे, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. डोळे मिटून पडायचो, अगदी नियमाने घोरल्यासारखं करायचो. आणि त्या जागेचा आणि माझ्या झोपेचा संबंध फक्त एका माणसाला ठाऊक होता, मला. असं मी नऊ वर्षं समजत होतो.

मी म्हटलं, "वैशाली, तू बस. मी सांगायला आलोय ते ऐक. मधे बोलू नकोस." आणि सगळं सांगितलं. हौदामागची फरशी, खिडकी, चष्मा, हंडी, तीन आवाज, चिठ्ठी, सही. त्या तासाभरात तो भिंतीपाशी ताटली घासत होता, हेसुद्धा.

तिने मधे एकदाच विचारलं. "म्हणजे... चष्म्यामुळे?"

"चष्म्यामुळे नाही. माझ्यामुळे."

तिने हातातल्या नॅपकीनची घडी केली. मग म्हणाली, "काका, तुमचं वय किती?"

"पंचाहत्तर पूर्ण."

"मग तुमची आठवण चुकत असेल. मी भेटलेय त्यांना. आत सोडताना हातावर शिक्का मारतात. पहिल्या दोन वेळा नाही मारला, कारण आत गेलेच नाही. त्या दिवशी होता. घरी आल्यावर आईने माझा तो हात धरून ठेवला होता. आई चार दिवस मला भांडी घासू देत नव्हती, शिक्का जाईल म्हणून."

"चिठ्ठीवर मी सही केली, वैशाली. तो जागचा हलला नव्हता."

"आणि मी त्यांच्याशी बोलले." तिचा आवाज चढला. "दोघांपैकी एकाला खोटं पाडायला आलात का तुम्ही?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हतो आलो.

तिथून पुढे ती बोलली ते चष्म्याबद्दल नाही, भेटीबद्दलही नाही. त्या बरॅकमधला एकजण सुटून याच डोंगरावर राहायला आला होता. त्याने सांगितलं, घाडी खबरी होता. ते गावापर्यंत गेलं. बाराव्याला चुलते आले नाहीत. म्हणाले, खबऱ्याच्या पानाला कोण बसणार? भावाचं जमत आलेलं लग्न मोडलं. "माणूस मारला म्हणून कोणी तोंड फिरवलं नाही, काका. नळावर भांडणं होतात, म्हणाले. पण हे... अजून गणपतीला गावी गेलो की आमच्या घरी कोणी आरतीला थांबत नाही." ती रडली नाही. फार शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला सांगून मोकळे झालात. मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

"काय करू सांग. प्रतिज्ञापत्र करून देतो."

"कोर्टाचे कागद कोण वाचतं? आणि..." ती थांबली. मला कळलं काय म्हणायचं होतं. माझ्या सहीच्या कागदाला काय अर्थ. "लोक वाचतील असं लिहा. घरोघर जातं ना काहीतरी, तिथे. तुमच्या नावाने. बाबांच्या पूर्ण नावाने."

म्हणून हे इथे. हे सदर आमच्याकडे मुलुंडला येतं, भांडुपला येतं, कोकणातही जातं हे मला माहीत आहे. घाडीच्या भावकीतलं कुणी वाचत असेल तर पुन्हा एकदा वाचा : शांताराम गोविंद घाडी याने कुणाचीही खबर दिली नाही. ती मी, दामले, मुलुंड, याने दिली. खिडकीखालच्या दीड हात जागेसाठी.

राहिलं ते दुसरं. महिनाभर मी ते सगळीकडून तपासलं. शिपायाने दुसऱ्या कुणाला काचेपाशी नेलं असेल? मुलगी बाप ओळखणार नाही का? मी क्षणभर नजर काढली असेल आणि तो तेवढ्यात जाऊन आला असेल? एकच दार, आणि त्यात मी. तिने मनाने रचलं असेल? मग खिडकी आणि माझी झोप तिच्या मनात कुठून आली? आणि तो चष्मा... रुमालातले तुकडे मी पाहिले होते. तो गेल्यावर त्याचं सामान लिहून घेताना 'फुटलेली काच, रुमालासकट' ही नोंद मी स्वतः केली. मला उत्तर मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही.

निघताना पायरीवर मी तिला विचारलं होतं, "त्या भेटीचंही लिहू? की ते तुझ्यापाशीच ठेवायचं?"

तिने खाली रस्त्याकडे बघितलं.

"लिहा," म्हणाली. "पण भास झाला, असं लिहू नका."